कोण? मी!

महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराची बेल वाजवा. आतून आवाज येतो, "कोण?" बाहेरून उत्तर जातं, "मी!" आणि कडी निघते. नाव नाही, गाव नाही, कामाचं कारण नाही. 'मी' हा असा पासवर्ड आहे, जो सगळ्यांचा सारखाच असतो, कधी बदलावा लागत नाही आणि विसरायची सोय नाही. आमच्या लहानपणी चाळीत तर 'कोण' विचारायचीही पद्धत नव्हती. दारं दिवसभर सताड उघडी. एखादं दुपारी लोटलेलं दिसलं, तर शेजारच्या काकू "काय हो, बरं नाही का कुणाला?" म्हणत ते ढकलून सरळ ओट्यापर्यंत. बंद दार म्हणजे आजारपण, नाहीतर भांडण.

असल्या वळणाच्या माणसाला उचलून हिंजवडीत नेलं, एका काचेच्या दारापुढे उभं केलं आणि सांगितलं, की बाबा रे, आत गेलास की मागून येणाऱ्याच्या तोंडावर हे दार लावून घे. पंधरा वर्षं झाली. मला ते अजून नीट जमलेलं नाही.

दारात तसं काही कमी नाही. शेजारी एक काळी डबी, तिच्यावर लाल दिवा. गळ्यातलं कार्ड तिच्याजवळ नेलं की 'टुंक' होतं, दिवा हिरवा होतो. कार्डात बॅटरी नसते. डबीतून निघणाऱ्या लहरींवरच त्याच्या पोटातली चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. म्हणजे स्वतःची ओळख सांगायलाही समोरच्यानं बळ द्यावं लागतं. उखाणा घ्यायला लाजणाऱ्या नव्या नवरीसारखं. नंबर यादीत सापडला, की चौकटीच्या वर बसवलेल्या विद्युतचुंबकाची वीज क्षणभर तुटते आणि दार सुटतं. एरवी तो चुंबक दाराच्या लोखंडी पट्टीला धरून बसलेला असतो. त्याची पकड १२०० पौंडांची, म्हणजे ५४० किलोंच्या वर. हे मला तो बसवायला आलेल्या पोऱ्यानं अभिमानानं सांगितलं होतं. हे दार तोडायचं, तर हत्ती आणावा लागेल. उघडायचं असेल, तर मागून "अहो, एक मिनिट" एवढं पुरतं.

कारण त्या चुंबकाला वीज लागते, आणि आम्हाला भीड वाटते. वीज एक वेळ जाईल. भीड कुठली जाते! भीड भिकेची बहीण, असं आपल्या आजीनं सांगून ठेवलंय. ऑफिसात आल्यावर कळलं, की ती लॅपटॉपचोरीची सख्खी मावशीही आहे.

दुसऱ्याच्या कार्डावर त्याच्या मागोमाग आत शिरण्याला आमच्याकडे टेलगेटिंग म्हणतात. तळमजल्यावरच्या सिक्युरिटीच्या मामांना हा शब्द ट्रेनिंगमध्ये एकदाच ऐकायला मिळाला, तोही लांबून, त्यामुळे ते त्याला 'तेलकट' म्हणतात. "साहेब, तेलकट करू नका." नवीन मुलांना वाटतं, मामा वडापावबद्दल बोलताहेत, आणि ती हात पुसतात. मला स्वतःला मामांचाच शब्द जास्त पटतो. एकदा सवय लागली की सुटत नाही, आणि डाग कुणी पाडला ते शेवटपर्यंत कळत नाही.

हे तेलकट बघायचं, तर दुपारी पावणेदोनला यावं. जेवून आलेला घोळका लिफ्टमधून बाहेर पडतो. पहिला कार्ड लावतो. दुसरा दार धरतो. तिसरा "थँक्स" म्हणून दुसऱ्याच्या हातून दार आपल्या हातात घेतो, चौथा तिसऱ्याच्या, आणि मारुतीचं शेपूट वाढावं तशी ही रांग वाढत जाते. दार जास्त वेळ उघडं राहिलं, म्हणून डबी पीं-पीं करायला लागते. सगळ्यांना वाटतं, खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी रिव्हर्सला घेतंय. तेरा माणसं आत जातात, संगणकात एक नोंदली जाते. त्या एकाच्या नावावर बाकीचे बारा त्या दिवशी कामाला असतात.

काहींचे दोन्ही हात भरलेले असतात. लॅपटॉप, डबा, हेल्मेट, वर कॉफीचा कप दातात धरायचा बाकी. हात भरलेला माणूस आपल्याला नेहमीच खरा वाटतो. चोर रिकाम्या हातानं येतो, अशी आपली पक्की समजूत आहे. जाताना त्याचे हात भरलेले असतात, हे आपण विसरतो. काहींच्या कानाला फोन आणि कपाळाला आठी असते. त्यांना अडवणं म्हणजे कंपनीचा मोठा सौदा आपल्यामुळे फिसकटणं. एकदा अशाच एकासाठी मी अदबीनं दार धरलं, आणि तो फोनवर गंभीरपणे म्हणत होता, "अगं, कोथिंबीर नव्हती, म्हणून नाही आणली."

आणि मोठे साहेब. त्यांनी कार्ड कधी वापरलेलं मी पाहिलेलं नव्हतं. कार्ड खालच्यांनी गळ्यात घालायचं, मधल्यांनी कमरेला लावायचं आणि वरच्यांनी बॅगेत ठेवायचं, अशी एक अलिखित वर्णव्यवस्था असते. साहेब दारापाशी येऊन फक्त उभे राहायचे. दार उघडायचं. दार आपोआप उघडतं असा त्यांचा खरोखरच समज असावा. अनेक वर्षं ते तसंच उघडत आलं होतं.

आता हीच माणसं संध्याकाळी मेट्रोनं घरी जातात. तिथेही गेटच आहे, तिथेही कार्डच लावायचं. पण तिथे कुणी कुणासाठी गेट धरलेलं पाहिलंय? "या ना, माझ्याच कार्डावर या," असं म्हणणारा अजून मला पुण्यात भेटायचाय. वीस रुपयांचा प्रश्न आला, की आपल्याला सुरक्षेचं सगळं शास्त्र आपोआप समजतं. कंपनीचा सर्व्हर काही आपल्या खिशातून गेलेला नसतो.

पुण्याच्या माणसानं तरी या बाबतीत गाफील राहू नये. माझ्या ऑफिसपासून वीसेक किलोमीटरवर लाल महाल आहे. १६६३ साली तिथे शाइस्ताखान मुक्कामाला होता, आणि त्याचे नियम आमच्या कंपनीपेक्षा कडक होते. मुघल इतिहासकार खाफीखान लिहून गेलाय, की परवान्याशिवाय शहरात किंवा छावणीत कुणी, त्यातही मराठ्यांनी, शिरायचं नाही असा हुकूम होता. व्हिजिटर पासच म्हणा. मग एके दिवशी कोतवालाकडे एक अर्ज आला: लग्न आहे, वऱ्हाडातल्या दोनशे माणसांना आत सोडा. कोतवालानं दिला परवाना. एका पोराला नवरदेव केलं होतं, वाजतगाजत वरात आत आली. दुसरी एक टोळी हात बांधलेले कैदी म्हणून आली, त्यांना तर पहारेकऱ्यांच्या वेशातल्या माणसांनी शिव्या देत आत ढकललं. आणि ५ एप्रिलच्या रात्री शिवाजी महाराज मुदपाकखान्याच्या बाजूनं थेट खानाच्या महालात पोचले. रमजानचे दिवस, आचारी पहाटेच्या स्वयंपाकाला लागलेले. मुदपाकखाना आणि जनाना यांच्यामधली खिडकी विटा-मातीनं बुजवलेली होती, तीच फोडली. खान बोटं देऊन वाचला.

महाराजांच्या धाडसाशी आमच्या कार्डाची तुलना करायला मी काही वेडा नाही. माझी तुलना त्या कोतवालाशी आहे. त्या बिचाऱ्याला मी पूर्णपणे समजू शकतो. समोर नवरदेव उभा, ताशे वाजतायत, लोक घामाघूम, आणि तुम्ही काय विचारणार? "नवऱ्या मुलाचं ओळखपत्र दाखवा"? लग्नघराला 'नाही' म्हणायचं पाप कोण घेणार? शिवाय ज्या घरावर पहारा बसवला होता, त्या घरात महाराज लहानाचे मोठे झाले होते. कुठली भिंत पक्की आणि कुठली नुसती लिंपलेली, हे पहारेकऱ्यांपेक्षा पाहुण्यांनाच जास्त माहीत. पुढे महाराज आग्र्याहून निसटले, तीही गोष्ट पेटाऱ्यांचीच. पहिले काही दिवस पहारेकऱ्यांनी मिठाईचे पेटारे उघडून पाहिले म्हणतात, मग कंटाळले. रोज काय पेढेच बघायचे?

हे पेढ्यांचं लक्षात असू द्या. मला ते योग्य वेळी आठवलं नाही, म्हणून पुढचा प्रकार घडला.

जुन्या लोकांना दाराची अक्कल आमच्यापेक्षा जास्त होती, हे मात्र कबूल करायला हवं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. हत्तीनं टक्कर मारू नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे. ते फोटोत सगळ्यांनाच दिसतात. माझा जीव जडलाय तो त्याच दरवाजाच्या पोटातल्या दिंडीवर. दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं छोटं दार. मोठा दरवाजा स्वारीसाठी. येरागबाळ्यांनी दिंडीतून यायचं. त्यातून शिरायचं तर वाकावं लागतं, आधी डोकं आत जातं, मग एक पाय, उंबरठा उंच असल्यानं तोल सांभाळत दुसरा पाय. एका वेळी एकच माणूस. वाकलेल्या माणसाला दार धरून उभं राहता येत नाही, मागच्याला "या, या" म्हणता येत नाही, आणि आत तलवार घेऊन उभ्या असलेल्या शिपायाला सर्वांत आधी तुमची मान दिसते. वीज नाही, कार्ड नाही, पीं-पीं नाही. तेलकटावर यापेक्षा सरस इलाज अजून निघालेला नाही. तरीही १७७३ साली त्याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झालाच, आणि मारेकरी होते पगार थकलेले वाड्यातलेच गारदी. पण तो विषय पगारवाढीचा आहे, दाराचा नाही. तो एचआरनं लिहावा.

तर, गेल्या वर्षी कंपनीला माझ्यात काय दिसलं कोण जाणे, मला आमच्या मजल्याचा 'सिक्युरिटी चॅम्पियन' नेमलं. पगार तोच, गळ्यातला पट्टा तेवढा केशरी. काम एकच: कार्ड न लावता येणाऱ्याला नम्रपणे थांबवायचं. 'नम्रपणे' हा शब्द इमेलमध्ये ठळक छापला होता.

पहिल्या दिवशी मी एकाला थांबवलं. "सर, तुमचं कार्ड?" त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझीच जन्मतारीख आठवेना. तो त्या मजल्यावर सहा वर्षं काम करत होता. मला त्यानं दोनदा लग्नाची पत्रिका दिली होती. एकदा स्वतःच्या, एकदा बहिणीच्या. दुसऱ्या दिवशी ज्याला थांबवलं नाही, तो पाण्याच्या जारचे पैसे मागायला आलेला माणूस निघाला, आणि तो थेट फायनान्सच्या टेबलावर जाऊन बसला. ओळखीच्याला विचारलं तर अपमान, अनोळखी माणसाला विचारावं तर तो ओळखीचा निघतो. "मला ओळखत नाही का तुम्ही?" या प्रश्नाला मराठीत उत्तरच नाही. 'ओळखतो' म्हणावं तर मग अडवलं कशाला? 'नाही' म्हणावं तर चहाच्या टपरीवर आयुष्यभर एकट्यानं उभं राहावं लागेल.

मग मी लेखणीचा आधार घेतला. पुण्यात राहून पाटी लिहायची नाही, म्हणजे आळंदीला राहून अभंग न म्हणण्यासारखं. कंपनीची अधिकृत पाटी इंग्रजीत होती, तिच्यावर एक हसरा चेहरा होता आणि म्हणून ती कुणी वाचत नव्हतं. मी खाली माझी चिकटवली:

'हे दार आहे, वारीचा रथ नव्हे. एकानं ओढल्यावर सर्वांनी पुढे येऊ नये. आपले कार्ड आपण लावावे. सौजन्य दाखवायची हौस असल्यास ती चौकात सिग्नलला दाखवावी, तिथे गरज आहे. कार्ड विसरले असल्यास घरी जाऊन आणावे, तेवढाच व्यायाम होईल.'

पाटी प्रचंड गाजली. लोक तिचे फोटो काढायला दाराशी थांबू लागले, आणि फोटो नीट यावा म्हणून दार धरून ठेवू लागले.

मग आला तो पेढ्यांचा दिवस. सकाळी साडेदहाची वेळ. इस्त्रीचा आकाशी शर्ट, कपाळाला अंगारा, चेहऱ्यावर ओसंडणारा आनंद आणि दोन्ही हातांत पेढ्यांचे दोन मोठे बॉक्स, असा एक तरुण दाराशी आला. माझ्याकडे पाहून म्हणाला, "मुलगी झाली, सर!" आता सांगा, काय म्हणणार तुम्ही? मी म्हणालो, "अरे वा! अभिनंदन!" आणि माझ्या कार्डानं दार उघडून, पाठीनं ते अडवून त्याला वाट दिली. केशरी पट्ट्यासकट. त्यानं तिथल्या तिथे बॉक्स उघडून माझ्यापुढे धरला. मी एक घेतला. तो म्हणाला, "घ्या हो अजून एक, वहिनींना." मी वहिनींसाठीही घेतला.

पुढचा पाऊण तास तो आमच्या मजल्यावर फिरला. प्रत्येक टेबलावर गेला. लोकांनी मुलीचं वजन विचारलं, नाव काय ठेवणार ते विचारलं, नॉर्मल की सिझेरियन ते विचारलं. एका मॅडमनी बाळंतिणीला अळीव द्या म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या मॅडमनी ते लगेच नकोत म्हणून वाद घातला. 'तुम्ही कोणत्या टीमचे?' हे एकानंही विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, शेजारच्या टीमचा असेल. बाळाची एवढी चौकशी झाली, बापाची अजिबात नाही.

तो ऑडिट करणाऱ्या कंपनीचा माणूस होता. त्याला आमच्याच वरिष्ठांनी पैसे देऊन, कुठवर शिरता येतं ते बघायला बोलावलं होतं. शुक्रवारी सभागृहात त्याचा अहवाल पडद्यावर दाखवला. एका फोटोत उघडं पडलेलं कपाट, एकात पडदा लॉक न करता सोडलेले चार संगणक, एकात प्रिंटरवर विसरलेली पगाराची यादी (तो फोटो सभागृहानं जरा जास्तच वेळ पाहिला). आणि पहिल्याच फोटोत दार, त्याला टेकलेली एक पाठ आणि पेढ्याकडे जाणारा एक हात. सौजन्य म्हणून चेहरा झाकला होता. हातातलं पोवळं मात्र झाकलं नव्हतं. मंगळ कडक आहे म्हणून आईनं घालायला लावलेलं ते पोवळं साऱ्या मजल्याला माहीत आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "वहिनींचा पेढा कुठाय?"

बाकी जे झालं ते झालं, पण त्या माणसाला मुलगी झालीच नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.

अहवालानंतर चक्रं फिरली. तळमजल्यावर काचेच्या झडपांची गेटं आली. एका वेळी एक माणूस, दुसरा घुसला की बोंब. आणि आमच्या मजल्यावर 'अँटी-पासबॅक' नावाची एक व्यवस्था लागू झाली. ती समजावून सांगायला दोन बैठका घेतल्या, त्या मी चॅम्पियन असल्यानं ऐकल्या नाहीत. व्यवस्था तशी सोपी आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना डबी. आत येताना कार्ड लावा, बाहेर जाताना लावा. संगणक लक्षात ठेवतो, की तुम्ही सध्या आत आहात की बाहेर. ज्याची आत आल्याची नोंद नाही, त्याला बाहेर सोडायचं नाही.

ही व्यवस्था लागू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सफाईच्या मावशी ट्रॉली घेऊन दाराशी आल्या. त्यांनी आपलं कार्ड लावलं, मी पुढे होऊन दार धरलं, ट्रॉली आत घेतली आणि बोलत बोलत तिच्या मागोमाग मीही आत गेलो. मावशींच्या कार्डावर. त्या दिवशी कामाचा इतका रेटा होता, की जेवणही जागेवरच झालं. संध्याकाळी सात चाळीसची शेवटची बस. सात पस्तीसला मी दाराशी आलो, कार्ड लावलं. लाल. पुन्हा लावलं. लाल. शर्टाला पुसून लावलं. लाल. मजल्यावर कुणी नाही. शेजारी आणीबाणीची काच फोडायची डबी होती, पण ती फोडली तर साऱ्या इमारतीत भोंगा वाजणार आणि सोमवारी आणखी एक फोटो पडद्यावर येणार.

फोन केला, मामा वर आले. काचेच्या त्या बाजूला मामा, या बाजूला मी.

"साहेब, सिस्टिममध्ये तुम्ही बाहेर आहात."

"मामा, मी तुमच्यासमोर आत उभा आहे."

"मला दिसतंय की. सिस्टिमला कुठं दिसतंय?"

"मग मला बाहेर काढा."

"जो आत आलाच नाही, त्याला बाहेर कसं काढू?" मामा खरोखर विचारात पडले. मग काचेला कपाळ टेकवून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सकाळी तेलकट केलंत ना?"

माझ्या वडिलांना पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा ते बँकेत चिडून काय काय बोलतात, ते मला त्या क्षणी तपशीलवार आठवलं. माणूस समोर असून उपयोग नसतो, तो कागदावर असावा लागतो. कंट्रोल रूमच्या मुलानं माझी नोंद सरळ करेपर्यंत आठ वीस झाले. तेवढा वेळ मामा खाली गेले नाहीत. काचेपलीकडे स्टुलावर बसून राहिले आणि मला त्यांच्या गावच्या पाटबंधाऱ्याची हकीकत सांगितली. बस गेली होती. रिक्षानं पाचशे घेतले, आणि ते मी कुठल्याही खात्यात मागितले नाहीत. कारण काय लिहिणार?

या सगळ्याचं मी इतके दिवस हसूच केलं होतं. पण मग पावसाळ्याआधीचा फायर ड्रिल झाला. भोंगा वाजला, चुंबकांची वीज आपोआप तुटली आणि मजल्यावरची सगळी दारं एकदम सैल पडली. आग लागली तर दार अडू नये म्हणून ती तशीच बांधलेली असतात, हे मला तेव्हा कळलं. आम्ही जिन्यानं उतरून पार्किंगमधल्या गुलमोहराखाली जमलो. मजल्याचा चॅम्पियन म्हणून हजेरी मी घ्यायची. हातात दिलेली यादी कुठली? तर सकाळपासून ज्यांनी कार्ड लावलं त्यांची.

नावं वाचून झाली. माझ्यासमोर सहा माणसं अशी उभी होती, जी यादीत नव्हती. आणि यादीत एक असा होता, जो समोर नव्हता. त्याला चारचौघांनी हाका मारल्या, फोन लावला. तो साताऱ्याकडे गावच्या जत्रेत होता. मागून पिपाण्यांचा आवाज येत होता. त्याचं कार्ड मात्र मित्राच्या खिशातून सकाळी हजेरी लावून गेलं होतं. फायर ब्रिगेडमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ ड्रिल घ्यायला आले होते. त्यांनी माझ्या हातातली यादी घेतली, त्या सहा जणांकडे पाहिलं आणि मला एवढंच विचारलं, "म्हणजे खरी आग असती, तर माझी पोरं धुरात कुणाला शोधायला गेली असती?"

त्या सहा जणांतले दोघं सकाळी माझ्याच मागोमाग आले होते. मीच दार धरलं होतं. एकानं 'थँक्स'ही म्हटलं होतं.

तेव्हापासून मी दार लावतो. अजून छातीत धस्स होतं, कान तापतात, मागं वळून पाहायचा धीर होत नाही, पण लावतो. आत गेल्यावर काचेतून नमस्कार करतो, कार्डाकडे बोट दाखवतो. मोठ्या साहेबांच्या तोंडावर लावलं, तेव्हा त्यांनी पाच मिनिटं बॅग उपसली आणि तळाशी त्यांचं कार्ड सापडलं. प्लॅस्टिकचं कव्हरही काढलेलं नव्हतं. ते लावल्यावर 'टुंक' वाजलं, तर ते चक्क खूश झाले. घरीही हल्ली "कोण?" म्हटल्यावर बाहेरून "मी" आलं, की मी "मी कोण?" विचारतो. यावरून आईनं दोन दिवस अबोला धरला होता.

तर कधी आमच्या मजल्यावर आलात आणि केशरी पट्टेवाल्या एका माणसानं तुमच्या नाकासमोर दार लावलं, तर राग मानू नका. तुमचे हात भरलेले असतील, तर सामान क्षणभर खाली ठेवा. मी काचेआडून त्याच्यावर लक्ष ठेवीन. मुलगा किंवा मुलगी झाली असेल, तर मनापासून अभिनंदन, पण कार्ड लावा. आणि कार्ड नसेलच, तर खाली मामांकडे रजिस्टर आहे. त्यात तुमच्या आधीच्या शंभर जणांनी 'कोणास भेटायचे' याखाली 'साहेब' आणि 'कारण' याखाली 'काम' लिहिलंय, आणि एकानं तर नावाखालीही वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं दिलीयत. तुम्ही तेवढं पूर्ण नाव लिहा. पेन दोरीनं टेबलाला बांधलेला आहे. अख्ख्या इमारतीत आजवर चोरीला न गेलेली ती एकच वस्तू आहे.